टॉवर बंद पडल्यावर फोन कुणाला लावणार?

पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका किंवा आपत्ती व्यवस्थापन यांच्या बिनतारी यंत्रणेवरच्या खर्चाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, ११२ आहे, तालुक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मग वॉकीटॉकी, रिपीटर, पेजर असल्या जुन्या बाजारातल्या वस्तूंवर कोट्यवधी रुपये कशाला घालायचे? हे विचारणारे मूर्ख नसतात आणि लबाडही नसतात. जनतेच्या पैशाची काळजी असलेले नगरसेवक त्यांत असतात, हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेले अधिकारी असतात, तंत्रज्ञानाची मनापासून आवड असलेले तरुण अभियंते असतात. म्हणूनच हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. त्याला मुद्द्याने उत्तर द्यावे. माझे म्हणणे असे की, आणीबाणीच्या संपर्काला मोबाइलने जोड द्यावी, पण त्याची जागा घेऊ नये. दुर्घटनेच्या ठिकाणी ज्यांना सर्वांत आधी पोचायचे असते त्या स्थानिक दलांच्या हातात स्वतःचे, कुणा कंपनीच्या टॉवरवर न अवलंबणारे साधन असलेच पाहिजे. ते साधन जुने झाले असेल तर ते नवे करायचे, मोडीत काढायचे नाही.

पहिला मुद्दा: सगळ्यांकडे फोन आहे. आहे ना, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मोबाइल कंपनी आपले जाळे उभारते ते रोजच्या वापराचा अंदाज बांधून. एका टॉवरखालचे सगळे लोक एकाच मिनिटाला फोन लावतील असे ती गृहीत धरत नाही, आणि धंदा करणाऱ्याने तसे धरावे अशी अपेक्षाही करता येत नाही. आपत्ती मात्र तेच घडवून आणते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या संध्याकाळी लाखो मुंबईकरांच्या हातात मोबाइल होते, फक्त ते लागत नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत फोन दिवसेंदिवस मुके राहिले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, वीज गेली, पाठोपाठ फोन गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड स्वतःच पाण्यात होते. मोठी बचाव पथके तळीयेपर्यंत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याआधी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. भारतात मोबाइल सुरू होऊन तेव्हा एकोणीस वर्षे होत आली होती.

वॉकीटॉकी असती तर माळीणचा डोंगर कोसळला नसता, असे मी म्हणत नाही. दरडीला बिनतारी संदेशाने अडवता येत नाही. पण ज्या गावाला धोका आहे तिथून तालुक्याला आणि तालुक्याहून त्या गावाला निरोप जाण्याचा एक तरी मार्ग पावसाच्या, विजेच्या आणि कंपनीच्या मर्जीबाहेर असावा, एवढे तर मान्य व्हावे.

संकटात टॉवर कोसळतोच असे नाही. बहुतेक वेळा तो उभाच असतो. वीज जाते, बॅटरी काही तास तग धरते, मग जनरेटरला डिझेल लागते. आणि डिझेल घेऊन निघालेला टेम्पो ज्या रस्त्याने जायचा तो रस्ताच वाहून गेलेला असतो. किंवा टॉवरपर्यंत आलेली फायबर पुलासोबत तुटते. यावर कोणी म्हणेल की रिपीटरलाही वीज लागते. लागते, पण बरीच कमी लागते. डोंगरमाथ्यावरचा एक रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा पुढे सोडणारे यंत्र, कितीतरी गावे कवेत घेतो, त्यामुळे जिवंत ठेवायची ठिकाणे थोडी असतात. तिथे सौर पट्ट्या किती, बॅटरी किती दिवसांची, वीजरोधक कोणता, हे ठरवणारे मालक आपण असतो. आणि शेवटचे म्हणजे, रिपीटर बंद पडला तरी एक सेट दुसऱ्या सेटशी थेट बोलू शकतो. नदीच्या अलीकडच्या काठावरचा जवान पलीकडच्या काठावरच्या जवानाला 'दोर सोड' म्हणू शकतो. टॉवर नसेल तर मोबाइलला हे एवढेसुद्धा जमत नाही.

दुसरा मुद्दा व्हॉट्सॲपचा. तो फार लोकप्रिय आहे, कारण ग्रुप काढायला पैसा पडत नाही. तालुक्याच्या आपत्ती ग्रुपवर तहसीलदार असतात, पोलीस निरीक्षक असतात, तलाठी, सरपंच, पत्रकार असे सगळे असतात. सकाळी सुप्रभात, दुपारी वाढदिवसाच्या शुभेच्छा, संध्याकाळी तीन वर्षांपूर्वीच्या पुराचे व्हिडिओ. या गर्दीत रात्री अडीच वाजता आलेला 'पाणी वाढतेय' हा निरोप किती जणांनी वाचला, हे सकाळी निळ्या खुणा मोजून कळते. अधिकारी बदलून गेला की ग्रुपही त्याच्याबरोबर जातो.

बिनतारी यंत्रणेची रीत मुळातच वेगळी आहे. फोन एकाचा एकाशी असतो. वायरलेसवर एकजण बोलतो आणि चॅनेलवरचे सगळे ऐकतात. नंबर लावा, घंटी वाजू द्या, पलीकडच्याने उचलायची वाट पाहा, ही भानगड नाही. बटण दाबले की बोलणे सुरू. कंट्रोलने एका गाडीला दिलेली सूचना बाकीच्या गाड्यांनाही ऐकू जाते, म्हणून शेजारच्या हद्दीतली गाडी कुणी न सांगताच नाक्यावर जाऊन उभी राहते. ज्याला उद्देशून निरोप नव्हता त्यालाही परिस्थिती कळत राहते. सामूहिक कामात याचे मोल फार मोठे आहे. एकामागून एक दहा फोन करणाऱ्या अधिकाऱ्याचा दहावा फोन होईपर्यंत पहिल्याला सांगितलेली माहिती शिळी झालेली असते.

शिवाय नोंदीचा प्रश्न आहेच. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी मारले गेले. त्या रात्री नियंत्रण कक्षाशी काय बोलणे झाले, मदत कधी मागितली गेली, याचा माग अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नोंदी मिळवून काढला आणि २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकात मांडला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाला. पण वाद होऊ शकला तो नोंदी होत्या म्हणून. तेच बोलणे खासगी मोबाइलवरून झाले असते, तर मागायला आणि तपासायला हाती काय उरले असते? जिथे आदेशावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, तिथे तो आदेश कुणी, कधी आणि कुणाला दिला हे उरायलाच हवे. खासगी ग्रुपवरचा 'हा संदेश हटवला आहे' एवढा शेरा त्या कामाचा नाही.

११२ चा दाखला देणाऱ्यांनी त्या यंत्रणेची शेवटची कडी पाहावी. नागरिकाचा फोन नवी मुंबईच्या केंद्रात जातो, नागपूरला पर्यायी केंद्र आहे. तिथून घटना जिल्ह्याकडे आणि गस्तीच्या गाडीतल्या पडद्यावर येते. व्यवस्था चांगली आहे, आधीच्या विस्कळीत क्रमांकांपेक्षा कितीतरी चांगली. पण गाडीतला तो पडदा मोबाइलच्या डेटावर चालतो. चिपळूणसारख्या दिवशी नागरिकाचा फोनही लागत नाही आणि लागला तरी पडदा कोरा राहण्याची भीती असते. तेव्हा गाडीतला जुना वायरलेस सेटच उपयोगी पडतो. ११२ आले म्हणून तो काढून टाकायचा की आधी नीट करायचा?

तिसरा मुद्दा वरवर पाहता सर्वांत भारदस्त आहे. इंग्लंड-अमेरिका बिनतारी सोडून मोबाइल ब्रॉडबँडकडे निघाले, मग आपण मधली पायरी गाळून थेट तिकडेच का उडी मारू नये? या दोन देशांचा अनुभव मुळापासून पाहिला तर उत्तर उलटेच मिळते.

ब्रिटनमधली पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका दले एअरवेव्ह नावाच्या टेट्रा पद्धतीच्या डिजिटल रेडिओवर चालतात. ते महाग आहे आणि डेटाच्या बाबतीत तोकडे आहे, म्हणून सरकारने ते बंद करून सगळ्यांना व्यापारी ४जी जाळ्यावर न्यायचे ठरवले. २०१५ मध्ये करार झाले आणि २०१९ च्या अखेरीस एअरवेव्हला निरोप द्यायचे ठरले. २०१९ उजाडले तेव्हा तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की, खर्चाचा अंदाज ३.१ अब्ज पौंडांनी वाढून ९.३ अब्जांवर गेला आहे आणि मुदत तर हुकलीच आहे. २०२३ पर्यंत नव्या यंत्रणेवर सुमारे दोन अब्ज पौंड खर्च झाले होते, तरी एकही दल जुना रेडिओ खाली ठेवू शकले नव्हते. आता एअरवेव्ह २०२९ पर्यंत तरी चालवावे लागेल असा अंदाज आहे. यात आणखी एक गंमत आहे. एअरवेव्ह ज्या कंपनीचे, ती २०१६ मध्ये मोटोरोलाने विकत घेतली, आणि नव्या यंत्रणेच्या मुख्य कंत्राटदारांतही मोटोरोलाच होती. नवे जितके लांबेल तितके जुन्याचे भाडे चालू राहणार. शेवटी २०२३ मध्ये स्पर्धा नियामकाला एअरवेव्हच्या दरावर मर्यादा घालावी लागली.

अमेरिकेने २०१२ मध्ये कायदा करून आणीबाणीच्या दलांसाठी फर्स्टनेट हे वेगळे ब्रॉडबँड जाळे उभारायचे ठरवले. त्यासाठी राखीव तरंगलहरी दिल्या आणि २०१७ मध्ये एटी अँड टी कंपनीशी पंचवीस वर्षांचा करार केला. २५ डिसेंबर २०२० च्या पहाटे नॅशव्हिलमध्ये याच कंपनीच्या दूरध्वनी केंद्राबाहेर एका गाडीत स्फोट झाला. इमारतीची राखीव वीजव्यवस्था आग आणि पाण्याने निकामी झाली, टेनेसीसह शेजारच्या राज्यांत ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाची सेवा ठिकठिकाणी कोलमडली आणि खास दलांसाठी उभारलेले फर्स्टनेटही त्या भागात अडखळले. स्फोट दूरचीच गोष्ट वाटत असेल, तर कॅनडा पाहा. ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स कंपनीने आपल्या जाळ्यात एक नेहमीचा तांत्रिक बदल करायला घेतला आणि देशभरातले लाखो ग्राहक दिवसभर संपर्काबाहेर गेले. अनेकांना ९११ सुद्धा लागेना. वादळ नव्हते की पूर नव्हता.

म्हणजे ब्रॉडबँड वाईट आहे का? मुळीच नाही. जळत्या इमारतीचा नकाशा, जखमीचा ईसीजी, ड्रोनचे चित्र हे वायरलेसच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि ते जवानाच्या हातात यायलाच हवे. पण अमेरिकेतल्या दलांनी फर्स्टनेट घेतल्यावरही आपले रेडिओ टाकले नाहीत, आणि ब्रिटनला टाकायचे होते तरी टाकता आले नाहीत. ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा पैसा जास्त, वीज भरवशाची आणि टॉवर दाट, त्यांना जे जमले नाही ते सह्याद्रीच्या घाटात एका उडीत जमेल, असे मानायचे असेल तर मानणाऱ्याने त्याचा पुरावाही द्यावा.

चौथा मुद्दा पेजरचा. पेजरचे नाव काढले की लोक हसतात, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे तो १९९५ च्या सुमारास आला, काही वर्षे पट्ट्याला मिरवला आणि मोबाइल स्वस्त होताच गेला. त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये पेजरचे स्फोट झाले, त्यामुळे आता हसण्यात भीतीही मिसळली आहे. लेबनॉनचे आधी पाहू. तिथे स्फोटके उपकरणांत ती वापरणाऱ्यांच्या हाती पडण्याआधीच भरली गेली होती. दुसऱ्याच दिवशी वॉकीटॉकींचेही स्फोट झाले. धडा असा की सुरक्षा दलांची खरेदी कुठून आणि कुणामार्फत होते हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. तो धडा फोनलाही तितकाच लागू आहे.

आता पेजरचे काम काय, ते पाहू. ते दवंडीचे आहे. मोठ्या शक्तीचे प्रक्षेपक एकाच वेळी एकच संदेश सोडतात आणि ज्यांच्यासाठी तो आहे त्या सगळ्यांची यंत्रे एकदम वाजतात, मग ती दहा असोत की दहा हजार. साधा पेजर स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही, म्हणून त्याला टॉवरशी सतत ओळख ठेवावी लागत नाही, गर्दीने जाळे तुंबत नाही, आणि एक साधा सेल आठवडेच्या आठवडे चालतो. जाड भिंतींच्या आत आणि तळघरातही तो सहसा फोनपेक्षा चांगला पकडतो. जर्मनीत अग्निशमनाचा भार सुमारे दहा लाख स्वयंसेवकांवर आहे. शेतात, कारखान्यात, घरी असलेल्या या माणसांना बोलवायला तिथे आजही पेजर वाजतात. अमेरिकेच्या खेड्यांतली स्वयंसेवी अग्निशमन दलेही अशीच गोळा होतात.

लंडनचे उदाहरण तर आपल्या वादासाठीच घडल्यासारखे आहे. ७ जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांच्या दिवशी तिथल्या रुग्णवाहिका सेवेचे अधिकारी मोबाइलवर विसंबले होते आणि मोबाइलने दगा दिला. त्यानंतर त्या सेवेने आपल्या व्यवस्थापकांना पेजर दिले. २०१९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी सरकारी रुग्णालयांतले सुमारे १ लाख ३० हजार पेजर २०२१ च्या अखेरपर्यंत काढून टाकायचा आदेश दिला, तेव्हा आपल्याकडेही 'पाहा, ते सुद्धा टाकताहेत' असे म्हणता आले असते. पण त्याच आदेशात वायफाय किंवा मोबाइल निकामी झाल्यास आणीबाणीसाठी काही पेजर ठेवायची मुभा होती. रोजच्या निरोपांसाठी पेजर गैरसोयीचा आहे, हे मलाही मान्य. जुन्या पद्धतीच्या पेजरवरचा संदेश सांकेतिक नसतो, स्वस्तातले यंत्र घेऊन कुणीही तो वाचू शकतो, हा आक्षेपही खरा. रुग्णाचे नाव-पत्ता त्यावर जाता कामा नये. म्हणूनच तर सुधारणा हवी: सांकेतिक संदेश, पोच देणारे नवे पेजर. दोष दाखवून वस्तू नाकारणे सोपे. दोष काढून ती वापरणे हे शासनाचे काम.

हे आपल्याकडे कुणाला लागेल? केंद्राच्या आपदा मित्र योजनेत देशभरात एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायचे ठरले. त्यांत आपलेही तरुण आहेत. घाटात, नदीकाठी, किल्ल्यांवर बचावाला धावणारी स्थानिक पथके आहेत. पोलीस पाटील आहेत, कोतवाल आहेत. या सगळ्यांना आज बोलावतो कोण? मोबाइल. ग्राम सुरक्षा यंत्रणेने एका टोल-फ्री क्रमांकावरून अख्ख्या गावाच्या फोनवर एकदम आवाज पोचवायची सोय राज्यातल्या असंख्य गावांत केली. चोरी, आग, बिबट्या अशा प्रसंगी ती कामालाही येते. केंद्राने मोबाइलवर मोठ्या आवाजाचे धोक्याचे संदेश पाठवायची चाचणी २०२३ मध्ये घेतली. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह आहेत आणि दोन्हींचा जीव मोबाइलच्या जाळ्यात आहे. दरडीच्या छायेतल्या वाडीत पोलीस पाटलाच्या घरी एक पेजर आणि देवळावर त्याच संदेशाने वाजणारा भोंगा, एवढी सोय या दोन्हींना पूरकच ठरेल.

पाचवा मुद्दा पैशाचा, आणि खरा अडसर तोच. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या यंत्रणेवर एवढा खर्च का? हा हिशेबच चुकीचा मांडला आहे. वायरलेस पोलिसांच्या हातात रोज असतो. आषाढीला पंढरपुरात, अनंत चतुर्दशीला गिरगावात आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर फोन लागत नाहीत, हे तिथे बंदोबस्त केलेला कुठलाही शिपाई सांगेल. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. पुढचा नाशिकचा कुंभ २०२७ मध्ये आहे; त्या गर्दीची तारीख आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. जी यंत्रणा रोज वापरात असते, तीच संकटाच्या दिवशी चालते. कपाटात ठेवलेले उपग्रह फोन संकटाच्या दिवशी चार्जरसकट शोधावे लागतात.

न केलेल्या खर्चाचीही किंमत असते, फक्त ती अर्थसंकल्पात दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात आग लागून ३१ माणसे गेली. भुयारात रेडिओ चालत नाहीत ही त्रुटी तेव्हाच चौकशीत नोंदवली गेली. २००५ च्या स्फोटांत ५२ निरपराध गेले तेव्हाही भुयारातून वर निरोप पोचवायला माणसे धावत होती. अठरा वर्षे 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणण्यात गेली. आपण लंडनला हसावे अशी आपली स्थिती नाही. राजधानी दिल्लीच्या पोलिसांबाबत महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, त्यांची ट्रंकिंग पद्धतीची बिनतारी यंत्रणा वीस वर्षांची होऊन ठरलेल्या आयुष्यापेक्षा दहा वर्षे जास्त चालली आहे आणि वायरलेस सेटची संख्या दोन दशकांत वाढण्याऐवजी घटली आहे. राजधानीची ही गत, तर जिल्ह्याच्या नगरपरिषदेच्या बंबावर काय असेल?

तरंगलहरी महाग पडतील, हीही सबब उरलेली नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापन यांसारख्या कामांसाठी लिलावाशिवाय, प्रशासकीय पद्धतीने तरंगलहरी देण्याची तरतूद केली आहे. अडचण आहे ती अर्ज कुणी करायचा याची.

सहावा आक्षेप सर्वांत टोकदार आहे आणि त्याला उत्तर देताना मी अर्धा त्याच्याच बाजूला आहे. माणसेच चुकतात, मग यंत्राने काय होणार? २२ मे २०१७ रोजी मँचेस्टर अरीनात स्फोट झाला, २२ जण गेले. तिथे उत्तम डिजिटल रेडिओ होते, सर्व दलांच्या नियंत्रण कक्षांनी एकत्र बोलण्यासाठी राखीव चॅनेलही होता. तो वापरलाच गेला नाही, आणि अग्निशमन दल दोन तासांनी घटनास्थळी पोचले. न्यूयॉर्कला ११ सप्टेंबर २००१ रोजी याहून जिव्हारी लागणारे घडले. १९९३ च्या हल्ल्यानंतर जुळ्या मनोऱ्यांसाठी अग्निशमन दलाचा रिपीटर बसवला होता. त्या सकाळी त्याचे एक बटण दाबले गेले, दुसरे राहिले. उत्तर मनोऱ्याच्या दालनातल्या अधिकाऱ्यांना वाटले की रिपीटर बिघडला आहे, आणि त्यांनी तो सोडून दिला. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याच्या स्थितीचे इशारे येत होते, पण ते अग्निशमन दलाला ऐकू येत नव्हते, कारण दोघांच्या लहरी वेगळ्या. दक्षिण मनोरा पडल्यावर बाहेर पडायचा आदेश गेला. तो उत्तर मनोऱ्यातल्या सगळ्यांपर्यंत पोचला नाही. त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले.

यावरून 'यंत्र नको' असा निष्कर्ष निघत नाही. 'नुसते यंत्र नको' असा निघतो, आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. आपल्याकडे आधुनिकीकरण म्हणजे खरेदी, खरेदी म्हणजे निविदा आणि निविदा म्हणजे उद्‌घाटनाचा फोटो, अशी समजूत रुजली आहे. सेट येतात, दोन वर्षांत बॅटऱ्या बसतात, दुरुस्तीचा करार संपतो, मग सेट चार्जिंगला लावलेले कायमचे तिथेच राहतात. जे लोक वायरलेसवरचा पैसा वाया जातो म्हणतात त्यांनी हेच पाहिलेले असते, आणि पाहिलेले खोटे नसते. पण बंब नादुरुस्त राहतात म्हणून आपण अग्निशमन दल बंद करत नाही.

स्थानिक पातळीवर घोळ आहे तो मालकीचा. घटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन नगरपालिकेकडे. पोलीस राज्याचे, त्यांचा बिनतारी संदेश विभाग पुण्यात. १०८ रुग्णवाहिका आरोग्य खात्याची, चालवतो कंत्राटदार. धरणातून पाणी सोडणार जलसंपदा खाते. वन खात्याची स्वतंत्र व्यवस्था. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने या सगळ्यांच्या डोक्यावर जिल्हाधिकाऱ्यांना बसवले, पण सगळ्यांना एका वेळी ऐकू जाईल असा आवाज त्यांना दिला नाही. धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप अभियंत्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तहसीलला, तहसीलकडून तलाठ्याला, असा फोनामागे फोन जातो. पाणी मात्र मध्ये कुठेही थांबत नाही.

म्हणून मागणी खरेदीची नाही, व्यवस्थेची आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, जलसंपदा, वन आणि महसूल यांना सामाईक असा एक चॅनेल हवा आणि त्यावर छोट्यात छोट्या नगरपरिषदेचा बंबही हवा. सेट कुणा एका कंपनीच्या खास पद्धतीचे नसावेत, खुल्या मानकांचे असावेत; नाहीतर एअरवेव्हचे भाडे आपल्याही नशिबी येईल. शहरात ऐकणाऱ्यांपासून संरक्षण म्हणून सांकेतिक डिजिटल हवे. पण घाटात डिजिटल आवाज लहरींच्या पल्ल्याच्या कडेला एकदम तुटतो, तिथे प्रत्यक्ष फिरून चाचणी घेतल्याशिवाय जुने ॲनालॉग काढू नये. निविदेतच बॅटऱ्या, दुरुस्ती आणि प्रशिक्षणाचा दहा वर्षांचा खर्च धरलेला असावा. दरडीच्या आणि पुराच्या गावांना पेजर आणि भोंगा द्यावा. आणि कुठलेही नवे ॲप आले तरी जुन्या यंत्रणेचा निरोप समारंभ त्या नव्या ॲपने एक संपूर्ण पावसाळा काढल्यावरच व्हावा.

हे सगळे कुणाला अजूनही फाजील वाटत असेल, तर वाद मिटवायचा एक स्वस्त उपाय आहे. दर मे महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. त्या आठवड्यात एक दिवस सर्व दलांचे मोबाइल सकाळी आठ ते रात्री आठ लखोट्यात बंद करावेत आणि सराव घ्यावा: एका वाडीवर दरड, एका पुलावर पाणी, एका कारखान्यात आग, तिन्ही एकाच वेळी. कोणता निरोप कुणाला किती मिनिटांनी पोचला हे लिहून ते जनतेपुढे ठेवावे. आणि त्या दिवशी नियंत्रण कक्षाच्या खुर्चीत 'मोबाइल आहे ना' म्हणणाऱ्या सदस्यांनाच बसवावे. रात्री आठ वाजता ते बिनतारीच्या खर्चाला विरोध करत असतील, तर त्यांचे म्हणणे ऐकायला मी तयार आहे.